मावशीची तीनपदरी माळ आणि यामादा पॉलिनॉमिअल: एका गुंत्याचा प्रकरण अभ्यास

माळ सोडवत बसायचं की सरळ दोरा कापून परत गाठवायला द्यायची, एवढाच प्रश्न होता, आणि लग्न चार दिवसांवर आलेलं.

मावशीकडे गिरगावात आजीची मोत्यांची तीनपदरी माळ आहे. लेकीच्या लग्नात घालायची म्हणून तिने ती नव्याने गाठवून आणली, आणि मग डबीत ठेवताना म्हणा की काढताना म्हणा कुठेतरी ती अशी गुंतली की तीन संध्याकाळी मावशी, काका आणि शेजारच्या काकू असे सगळे तिच्यामागे लागले तरी ती सपाट होईना. एकीकडे सुटली की दुसरीकडे आवळायची. काकूंना वाटत होतं की पटवेकऱ्याने दुसरी कडी बांधतानाच पदर एकमेकांतून घातलेत, आणि तसं असेल तर जन्मभर बसलात तरी सुटणार नाही. मावशीचं म्हणणं, आणली तेव्हा नीट होती, निदान तिला तसं आठवत होतं. शेवटी तिचा मला फोन, "अगं तू ते गाठींचं गणित शिकलीस ना, मग सांग की ही सुटणार का नाही, नाहीतर मी कात्री लावते."

कलिनाला एमेस्सी करताना माझा प्रोजेक्ट नॉट थिअरीवर होता, आता क्लासमधे शिकवते, त्यामुळे हे गणित हाताखालून गेलेलं असलं तरी खऱ्या वस्तूवर कधी लावलं नव्हतं. हे सगळं नीट लिहून ठेवतेय कारण या विषयावर मराठीत वाचायला फार कमी मिळतं आणि हे प्रकरण त्यासाठी इतकं चपखल आहे की मला राहवत नाहीये.

आधी वस्तू समजून घेऊ. दोन चांदीच्या छोट्या कड्या, त्यांच्यामधे मोत्यांचे तीन पदर, आणि प्रत्येक कडीतून मागे जाणारा एकेक गोफ, जो मानेमागे बांधतात. गोफ सुटे होते. म्हणजे गणिताच्या भाषेत दोन व्हर्टेक्स (बिंदू) आणि त्यांना जोडणाऱ्या तीन एजेस (रेषा), अशा जाळीला ग्राफ म्हणतात, हा आकार ग्रीक थीटा अक्षरासारखा दिसतो म्हणून याला थीटा ग्राफच म्हणतात, आणि तो अवकाशात गुंतवून ठेवला की थीटा कर्व्ह. साध्या नॉट थिअरीत एकच बंद दोरा असतो, इथे दोरे एका बिंदूत येऊन मिळतात, एवढाच फरक, पण या फरकामुळे बरंच काही बदलतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की दोन्ही कड्या बंद असताना तुम्ही ओढा, वळवा, झटका, काहीही करा, माळेची जात बदलत नाही. सपाट माळ कितीही गुंतली तरी ती सपाट होऊ शकते, आणि गाठवतानाच पदर अडकवून बंद केली असेल तर ती कापल्याशिवाय सपाट होऊच शकत नाही. मधलं काही नाही. म्हणून काकूंची शंका अगदी योग्य जागेवर होती, आणि "थोडं तेल लावून बघू" वगैरे उपायांचा या प्रश्नाशी संबंधच नव्हता.

मावशीने स्वतःची एक परीक्षा करून ठेवली होती आणि ती मला फार आवडली. तिने एकेका पदरावर मनातल्या मनात काट मारली आणि उरलेल्या दोन पदरांचा जो एक बंद गोल होतो तो बोटाने फिरून बघितला की त्यात गाठ आहे का. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा, तिन्ही गोल मोकळे. मग ती म्हणाली, कुठल्याच दोघांत गाठ नाही तर तिघांत कुठून येईल?

येते, हेच तर या विषयातलं पहिलं आश्चर्य आहे. शिनइची किनोशिता या जपानी गणितज्ञाने १९७२ च्या पेपरात असा एक थीटा कर्व्ह दिला की त्यातला कुठलाही एक पदर काढला की उरलेला गोल पूर्ण मोकळा, पण तिन्ही मिळून मात्र ती माळ सपाट होत नाही म्हणजे नाहीच. फक्त पाच क्रॉसिंगचं चित्र आहे ते, क्रॉसिंग म्हणजे चित्रात एक दोरा दुसऱ्यावरून जातो ती जागा. मी ते पहिल्यांदा हाताने काढलं तेव्हा तिन्ही जोड्या तपासून मला खरंच वाटलं होतं की मी चित्र चुकवलंय. गाठ कुठल्या एका पदरात नाही, दोघांतही नाही, ती तिघांच्या एकत्र असण्यात आहे. त्यामुळे मावशीची परीक्षा नापास करायला उपयोगी होती, एखादी जोडी गुंतलेली निघाली असती तर लगेच कात्री, पण तिन्ही जोड्या पास झाल्या याचा अर्थ माळ पास झाली असा होत नाही. फोनवर हे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प होती.

मग पूर्ण माळेला एकदम बघणारं काहीतरी हवं होतं, आणि तिथे पॉलिनॉमिअल, म्हणजे शाळेतल्या बहुपदी, येतात. कल्पना जुनी आहे: गुंत्याचं चित्र काढायचं, त्यावरून ठरलेल्या नियमांनी एक पॉलिनॉमिअल काढायचं, आणि नियम असे निवडायचे की गुंता न कापता हलवला तर उत्तर बदलू नये. अलेक्झांडरने १९२८ मधे नुसत्या गाठींसाठी असं एक दिलं, मग १९८४ मधे व्हॉन जोन्सला दुसऱ्याच विषयावर काम करता करता नवीन पॉलिनॉमिअल सापडलं आणि सगळा विषय ढवळून निघाला, १९८७ मधे लुई कॉफमनने ते क्रॉसिंग दोन प्रकारे उघडून इतकं सोपं करून दाखवलं की शाळेतल्या मुलालाही गिरवता येईल. पण हे सगळं एका दोऱ्याचं, किंवा वेगवेगळ्या बंद दोऱ्यांचं. जिथे दोरे बिंदूत मिळतात त्यांच्यासाठी १९८९ मधे शुजी यामादाने एक पॉलिनॉमिअल दिलं, त्याच वर्षी कॉफमनचाही अवकाशातल्या ग्राफांच्या इन्व्हेरियंटवर, म्हणजे अशा न बदलणाऱ्या उत्तरांवर, पेपर आला. मी यामादाचं वापरलं, कारण त्याचे नियम हातात मावतात.

नियम सांगते, चल राशीला क्ष म्हणूया. एका क्रॉसिंगच्या जागी तीन चित्रं काढायची: एकात ते एका बाजूने उघडायचं आणि त्याला क्ष ने गुणायचं, दुसऱ्यात दुसऱ्या बाजूने उघडायचं आणि १/क्ष ने गुणायचं, आणि तिसऱ्यात क्रॉसिंगवरच एक व्हर्टेक्स ठेवून द्यायचा, जणू दोन दोरे तिथे चिकटवले. हे तिसरं चित्र कॉफमनच्या क्रॉसिंग उघडायच्या पद्धतीत नाही, आणि ग्राफचा गुण इथेच येतो. सगळी क्रॉसिंग संपली की उरतात सपाट ग्राफ, आणि त्यांच्यासाठी दोन वेगळ्या बिंदूंना जोडणारी कुठलीही एक एज घेऊन दोन गोष्टींची बेरीज करायची: ती एज आवळून दोन्ही टोकं एक केली तर काय येतं, आणि ती कापून टाकली तर काय येतं. साध्या गोलाची किंमत क्ष + १ + १/क्ष, हिला मी सिग्मा म्हणते. दोन ग्राफ एका बिंदूवर चिकटलेले असतील तर किमतींचा गुणाकार आणि वर उणे चिन्ह, वेगळे वेगळे ठेवलेले असतील तर नुसता गुणाकार.

सपाट माळेवर करून बघा, दोन मिनिटांत होतं. एक पदर आवळला की दोन्ही कड्या एक होतात आणि त्या एका बिंदूला दोन गोल लटकतात, किंमत उणे सिग्मा वर्ग. तोच पदर कापला की एक गोल उरतो, किंमत सिग्मा. बेरीज सिग्मा वजा सिग्मा वर्ग, सोडवली की उणे चिन्हासकट सहगुणक येतात १, १, २, १, १, क्ष च्या वर्गापासून खाली १/क्ष च्या वर्गापर्यंत. हे एक, एक, दोन, एक, एक लक्षात ठेवा.

आता माळेकडे. मी मुलुंडहून निघायच्या आधीच मावशीला सांगितलं की माळ पांढऱ्या पंचावर ठेव, पदर जमतील तेवढे लांब कर, आणि बरोब्बर वरून फोटो पाठव, शिवाय प्रत्येक क्रॉसिंगचा जवळून एक, म्हणजे वर कुठला आणि खाली कुठला ते दिसेल. तिने अकरा क्रॉसिंगचे अकरा फोटो पाठवले, मोत्यांच्या खाली दोऱ्याचा रंगसुद्धा दिसत होता इतके जवळून. त्यातली दोन बघताच सुटणारी होती, उरली नऊ. नऊ क्रॉसिंग, प्रत्येकाचे तीन, म्हणजे तीनाचा नववा घात, १९,६८३ चित्रं. हाताने अशक्य पण लॅपटॉपला काहीच नाही, पायथनमधे छोटा प्रोग्रॅम लिहिला, सपाट माळ देऊन तपासला, बरोबर उत्तर आलं, मग मावशीची माळ दिली.

उत्तर आलं शून्य.

मला वाटलं कोडमधे चूक आहे आणि तासभर तेच शोधत बसले, मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी गिरगावला जाताना दादरला उतरून सेंट्रलवरून वेस्टर्नला जायचा पूल ओलांडत होते आणि तिथे गर्दीत अडकल्यावर डोक्यात आलं. यामादाच्या पॉलिनॉमिअलमागे नेगामीचं १९८७ चं ग्राफांचं पॉलिनॉमिअल आहे, आणि सपाट ग्राफांपुरतं बघितलं तर त्याचा स्वभाव फ्लो मोजण्यासारखा आहे, म्हणजे ग्राफच्या प्रत्येक एजमधून काहीतरी वाहतंय आणि कुठेही साठत नाहीये, असे किती प्रकार. आता दोन भागांना जोडणारी एकच एज असेल तर तिच्यावरून गेलेलं परत यायला दुसरा रस्ताच नाही, म्हणून तिच्यावरून काही वाहूच शकत नाही. ग्राफ थिअरीत अशा एजला ब्रिजच म्हणतात, आणि ब्रिज असलेल्या सपाट ग्राफचं यामादा पॉलिनॉमिअल नेहमी शून्य येतं, आणि ब्रिजच्या दोन बाजू एकमेकींत अडकलेल्या नसतील तर गुंतलेल्या ग्राफचंही. आणि मी चित्र उतरवताना दोन्ही गोफ तसेच ठेवले होते! लटकता गोफ म्हणजे ब्रिजच की. नियमानेही बघा, गोफ आवळला तर माळ जशीच्या तशी, कापला तर माळ आणि बाजूला पडलेला एक सुटा बिंदू, सुट्या बिंदूची किंमत उणे एक, दोन्ही मिळून शून्य. प्रोग्रॅम बरोबर होता, मी त्याला नको ते खायला दिलं होतं.

गोफ सुटे असल्यामुळे ते सरळ कडीपर्यंत आखडून घेतले तरी गुंत्याला काही फरक पडत नाही, म्हणून काढून टाकले. पण गोफ मागे बांधलेले असते तर मात्र वेगळंच प्रकरण झालं असतं, कारण मग प्रत्येक कडीला चार दोरे, आणि चार किंवा जास्त दोरे एका बिंदूत आले की यामादाचं उत्तर फक्त सपाट कडक व्हर्टेक्ससाठी टिकतं, जिथे दोऱ्यांचा क्रम बिंदूभोवती बदलू द्यायचा नाही. तीनपर्यंत असेल तर तो त्रास नाही. हे ज्यांना कोणाला पुढे वापरायचंय त्यांनी नक्की लक्षात ठेवा, मी बऱ्याच नोट्समधे हा भाग घाईत उरकलेला बघितलाय.

चर्नी रोडला उतरून मावशीकडे पोचेपर्यंत साडेअकरा झाले, स्वयंपाकघरातच लॅपटॉप उघडला. गोफ काढून परत चालवलं: क्ष + १ + २/क्ष, मग १/क्ष चा वर्ग, मग घन. सहगुणक १, १, २, १, १.

मावशीला आकडे दाखवले, म्हटलं ओळख पटते का. सपाट माळेचेच आकडे, फक्त सगळं उणे १/क्ष ने गुणलेलं. आता याचा अर्थ काय लावायचा यात घाई करायची नाही. उत्तर सपाटपेक्षा वेगळं आलं असतं, म्हणजे आकड्यांचा क्रमच वेगळा, तर माळ नक्की गुंतलेली आणि कात्री आणायला मी स्वतः गेले असते. पण उत्तर जुळलं म्हणजे माळ नक्की सुटणार, असं सिद्ध होत नाही, पॉलिनॉमिअलने फक्त "सुटणार नाही" असं म्हणायला नकार दिलाय. काकू तिथेच होत्या, त्या म्हणाल्या मग एवढं करून काय कळलं? त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि उत्तर त्या बाहेरच्या उणे १/क्ष मधे होतं, जे बहुतेक वेळा "एवढ्या फरकाने तेच" म्हणून सोडून दिलं जातं.

नीट बघा. चित्रातले पदर एकमेकांवरून सरकवले, एखादा पदर कडीच्या वरून किंवा खालून पलीकडे नेला, तर पॉलिनॉमिअल अजिबात बदलत नाही. एखाद्या पदराची स्वतःचीच छोटी वळी सरळ केली तर क्ष च्या वर्गाने गुणलं किंवा भागलं जातं, म्हणजे सम घात आणि चिन्ह तेच. कडीजवळ दोन पदर एकमेकांवरून गेलेत आणि कडी पलटून ते सरळ केले, तरच उणे क्ष किंवा उणे १/क्ष येतं. हेही हाताने करून बघण्यासारखं आहे: सपाट माळ घ्या आणि एका कडीजवळ दोन पदर एकदा ओलांडा. पहिलं चित्र सपाट माळ, गुणिले क्ष. दुसऱ्यात दोन गोल आणि त्यांना जोडणारा एक पदर, म्हणजे ब्रिज, शून्य. तिसऱ्यात नवा बिंदू आणि कडी यांच्यात दोन छोटे दोरे, त्यातला एक कापला तर सपाट माळ, आवळला तर सपाट माळ आणि तिला लटकलेला एक गोल, म्हणजे उणे सिग्मा पट. तिन्ही मिळून क्ष + १ वजा सिग्मा, उरतं उणे १/क्ष. बरोबर एक पलटी.

म्हणजे आपल्या माळेसमोर जर उणे १/क्ष आलाय, चिन्ह उणे, घात विषम, तर ही माळ सपाट होणार असेल तर कुठली तरी कडी विषम वेळा पलटावीच लागणार. एकदा, तीनदा, पाचदा, किती ते माहीत नाही, पण शून्य वेळा नक्की नाही. मधल्या भागात कितीही कौशल्याने बोटं चालवली तरी.

आणि मी हे बोलतेय तोवर माझं लक्ष उशीकडे गेलं. गुंता अजून वाढू नये म्हणून मावशीने पहिल्याच संध्याकाळी दोन्ही कड्या उशीला सेफ्टी पिनने टाचून ठेवल्या होत्या, आणि तीन संध्याकाळ सगळे त्या टाचलेल्या दोन टोकांच्या मधे मोती सरकवत बसले होते. विचार अगदी समंजस होता, कोणीही तेच केलं असतं, मीही. पण पॉलिनॉमिअल नेमकं तेच सांगत होतं की टोकं टाचून ठेवलीत तोवर काही होणार नाही.

आम्ही एका कडीची पिन काढली. पलटी कशी मारायची हे सांगते कारण पहिल्यांदा हात अडखळतात. कडीजवळचं शेवटचं क्रॉसिंग बघायचं, ते कुठल्या दोन पदरांचं आहे ते ठरवायचं, आणि तिसरा जो पदर आहे तो डाव्या हाताने अलगद मागे, उलट दिशेला ताणून धरायचा. आता कडीच्या एका बाजूला तो एकटा आणि दुसऱ्या बाजूला ते दोघे. मग उजव्या हाताने कडी त्या एकट्या पदराभोवती अर्धी फिरवायची, स्क्रू फिरवतात तशी, गोफ तिच्याबरोबर फिरतो, आणि त्या दोघांचं क्रॉसिंग डोळ्यासमोर उघडतं. एकट्या पदराच्या दोऱ्याला अर्धा पीळ बसतो पण मोती गोल असल्याने ते दोऱ्यावर फिरून घेतात, दिसतसुद्धा नाही. चुकीच्या दिशेला फिरवलं तर एकाचे दोन क्रॉसिंग होतात, मग परत उलटं.

पहिल्या पलटीनंतर एक सैल वेढा आपोआप निसटला, आणि नऊ पैकी दोन क्रॉसिंग त्याचीच होती हे तेव्हा कळलं. दुसऱ्या पलटीनंतर मावशी एकदम म्हणाली, "अगं ही तर वेणी आहे!" खरंच वेणी होती. एकदा इकडचा पदर मधे, एकदा तिकडचा, आपण केसांची घालतो तशी, फक्त मोत्यांच्या जाडीमुळे आणि त्या वेढ्यामुळे कोणाला ओळखू आली नव्हती. डबीत सुटी कडी पदरांमधून दोनचारदा इकडून तिकडे गेली असली की अशी वेणी पडते. आणि दोन बिंदूंमधली तीन पदरांची वेणी, कितीही लांब असो, सुटतेच, कारण कडीजवळचं क्रॉसिंग पलटीने जातं, मग त्याच्या आतलं कडीजवळ येतं, तेही जातं, असं शेवटपर्यंत. इथे मात्र सिद्धतेला पॉलिनॉमिअलची गरज उरली नाही, वेणी दिसली त्या क्षणी माळ सुटणार हे पक्कं झालं. वेणीत एकदा एका जातीचं आणि एकदा उलट जातीचं क्रॉसिंग आळीपाळीने आल्यामुळे क्ष आणि १/क्ष एकमेकांना खात गेले, म्हणून इतक्या क्रॉसिंगनंतरही बाहेर जेमतेम एक १/क्ष उरला होता.

तिसऱ्या पलटीपासून मावशीने कडी स्वतःच्या हातात घेतली, काकू तिसरा पदर धरत होत्या आणि मी क्रॉसिंग कुठल्या दोघांचं ते सांगत होते. दुपारचा चहा व्हायच्या आत माळ पंचावर सपाट पडली होती, तीन पदर एकाखाली एक. पलट्या काकू मोजत होत्या, सात झाल्या.